पंचमीला गेलेलं पाणी

येवल्याच्या पुढं आमचं गाव. वर्षानुवर्षं टँकरवर. पेठकडच्या डोंगरातलं पुराचं पाणी पाइपलाइननं आमच्या तळ्यात आणायचं ठरलं, आणि मला व्हॉल्व्हवर काम मिळालं. तिकडे पंपावर मंगळू. ट्रायलच्या वेळी एकदा भेटलेलो, मग फोनवरच.

पहिलं पाणी आलं त्या दिवशी पूजेला गुरुजी आलेच नाहीत. शेजारच्या चतुराबाई काकूंच्या घरी नुकतंच लग्न झालेलं. त्यांनी सरळ पाइपाच्या तोंडाशी तांदळाचं माप ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. पाण्यानं माप लवंडलं.

"आली गं बाई सून घरात!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ काढला. तळं भरलं, गावानं टँकर बंद केला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाणी उतरायला लागलं. बांध फिरून बघितला. गळती नाही. व्हॉल्व्ह आवळला. तरी उतरतंय. मग पाइपाच्या तोंडाशी पाचोळा टाकला.

पाचोळा आत गेला. आत म्हणजे डोंगराकडे. चढावर.

मंगळूला फोन लावला.

"पूर ओसरला भाऊ. पंप बंदच हाय."

पंचमी झाली आणि तळाचा चिखल दिसला. बाया रिकामे हंडे घेऊन काठावर उभ्या.

"चुकलंच माझं," काकू म्हणाल्या. "सून म्हणून घरात घेतली तिला. पहिल्या पंचमीला माहेरी जाणारच की."

"मग येईल सण झाल्यावर."

"आपली आपण येती व्हय? घ्यायला जावं लागतं रविराज."

"मी जातो. डबा द्या बांधून."

काकू हसल्या नाहीत. खरंच पुरणाची दिंडं बांधून दिली.

दुपारी मोटारसायकल व्हॉल्व्हच्या शेडसमोर स्टँडवर लावली आणि डबा उशाशी ठेवून आत जरा पडलो. जाग आली ती पाइपाच्या घरघरीनं. पळत तळ्यावर गेलो.

पाणी धो धो पडत होतं. बाया ओरडत होत्या. कुणी कुंकू आणायला पळालं.

तेवढ्यात मंगळूचा फोन.

"पंप चालू केलास?"

"नाय. बंदच हाय. दिंडं लय भारी होती, काकूंना सांग."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् न सांगता गेलास व्हय? मी चहा ठेवलेला."

"मंगळू..."

"जायचं तर जा. पण गेलास कसा? गाडी तुझी हितंच उभी हाय."

मी मागं वळून शेडकडे बघितलं. ओल्या मातीत फक्त स्टँडचा खड्डा होता.