बर्फाखालची जाळी

एक पक्षी परत आणायचा होता. काम एवढंच! त्यासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस, उणे अठ्ठावीसच्या थंडीत, दोन स्नोमोबाइल आणि एक घसरगाडी घेऊन तीन माणसं वापूस सरोवराकडे निघाली होती, आणि तिघांचं वय मिळून एकशे नव्वद भरत होतं.

कॅनडात, उत्तर मॅनिटोबातल्या त्या क्री आदिवासींच्या वस्तीत जखमी पक्षी सापडला की लोक तो खोक्यात घालून व्हर्ना बॅलन्टाइनच्या दारात ठेवून जात. तारेला धडकलेले हंस, पंख मोडलेली घुबडं, सगळ्यांना तिच्या मागच्या शेडमध्ये जागा होती. ऑगस्टमध्ये तिथे एक लून आला. बदकाहून मोठा, सुरीसारख्या चोचीचा पाणपक्षी. पाण्यात मासोळी, जमिनीवर मात्र पांगळा, आणि पाण्यावरून शंभर पावलं धावल्याशिवाय त्याला उडता येत नाही. त्याच्या घशात मासेमारीचा गळ अडकला होता. व्हर्नाने तो काढला, त्याला हाताने मासे भरवले, पायात हिरवं कडं घातलं. नाव मात्र ठेवलं नाही. सोडून द्यायच्या पाखराला नाव ठेवायचं नाही, हा तिचा नियम.

सप्टेंबरच्या अखेरीला पक्षी ठणठणीत झाला. "सोड आता," तिचा थोरला भाऊ आयझाया म्हणाला होता.

"अजून शंभर ग्रॅम भरू दे, दादा."

ते शंभर ग्रॅम भरेपर्यंत ऑक्टोबर सरत आला. मग तिने त्याला त्याच्याच सरोवरात, वापूसमध्ये, सोडलं. इतर लून तोवर हिवाळ्यासाठी समुद्राकडे उडून गेले होते, आणि शेडमध्ये मोडलेली उडायची सवय याला परत जमायच्या आतच, तीन आठवड्यांत सरोवर गोठलं. आणि काल सापळे लावणाऱ्या एका शिकाऱ्याने रेडिओवर कळवलं, की उत्तरेच्या अंगाला पाण्याचं एक डबकं तेवढं उघडं आहे, त्यात हिरव्या कड्याचा लून गोल गोल फिरतोय, आणि ते डबकं आजउद्या मिटणार.

चूक व्हर्नाची होती. तिला कुणी बोललं नाही, हेच तिला जास्त लागत होतं.

सरोवराच्या अरुंद गळ्याशी आयझायाने गाडी थांबवली. खालून प्रवाह वाहतो, म्हणून इथला बर्फ दगाबाज. त्याने पहार उचलली. पन्नास वर्षं बर्फाखाली जाळी टाकणाऱ्या त्या माणसाचा हिशेब साधा होता. एका घावात पहार आरपार गेली तर मागे फिरायचं, दोन घाव लागले तर पायी जायचं, तीन लागले तर गाडी न्यायची.

ठण! ठण! दुसऱ्या घावाला पाणी वर आलं.

"उतरा," तो म्हणाला. "आता घोडे आपणच."

"घोडे कसले, म्हातारी खेचरं!" त्याची बायको लुईझा म्हणाली आणि घसरगाडीचा पट्टा तिने आपल्याच खांद्यावर घेतला. "नणंदबाई, तुमचा पाहुणा पक्का लबाड हं! तीन महिने फुकटचे मासे खाल्ले आणि आता वर आमंत्रण!"

दोन तास त्यांनी गाडी ओढली. डोळ्यांच्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. शेवटी डबकं दिसलं. जेमतेम वीस पावलं लांबीचं! मधोमध लून होता आणि काठावर दोन गरुड बसले होते. ते घाईत नव्हते. पाणी मिटलं की जेवण आपोआप ताटात येणार होतं.

लुईझाने आरडाओरडा करून गरुडांना हुसकावलं. ते पन्नास पावलं लांब जाऊन पुन्हा बसले. व्हर्ना लांब दांड्याची जाळी घेऊन पोटावर सरपटत काठाशी गेली. लूनने तिच्याकडे पाहिलं आणि पाण्यात बुडी मारली. दहा सेकंद. वीस. चाळीस! मग पलीकडे उत्तरेला, बर्फातल्या हातभर भेगेत त्याचं डोकं वर आलं. तिथे श्वास घेऊन तो बर्फाखालूनच परत डबक्यात आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"थांब गं," आयझाया म्हणाला. "त्याला वेडावू नकोस. त्याची वाट ठरलेली आहे. मासा असो की पाखरू, वाट ठरलेली असली की जाळी तिथेच टाकायची."

त्याने घसरगाडीवरून आपली फळी काढली. सहा फुटांची फळी, मध्ये खाच, खाचेत लोखंडी दांडी. बर्फाला भोक पाडून ती खाली सोडायची. दोरी ओढली की दांडी बर्फाला खालून टोचते आणि फळी हातभर पुढे सरकते, शेपटीला दोरी घेऊन. ती कुठवर पोचली हे वरून दिसत नाही. ते ऐकायचं असतं.

लुईझा दोरी ओढू लागली. आयझायाने टोपीचे कानपट्टे वर केले आणि कान बर्फाकडे लावून तो वाकून चालू लागला. टक. टक. टक. व्हर्नाला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. चाळीस पावलांवर तो थांबला, एका जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे." घाव घातले. भोकात बरोबर फळीचं नाक होतं! व्हर्नाने हे शंभरदा पाहिलं होतं, तरी तिला आपल्या भावाचा अभिमान वाटला.

दोरीमागून जाळी गेली आणि डबकं व भेग यांच्यामध्ये बर्फाखाली पडद्यासारखी ताणली गेली. आयझायाने व्हर्नाच्या कमरेला दोरखंड बांधला. गाठ मारता मारता तो हळूच म्हणाला, "माझ्या जाळ्यांत उन्हाळ्यात किती लून बुडाले, तुला कधी सांगितलं नाही मी."

"मला कळायचं."

"कसं?"

"त्या दिवशी तू माझ्याकडे चहाला यायचा नाहीस."

त्याने गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

लुईझाने दक्षिणेकडून तवा बडवायला सुरुवात केली. धडाड धडाड! लूनने बुडी मारली. पाच... दहा... पंधरा... आणि जाळीच्या दोरीला हिसका बसला!

"ओढ!"

दोघांनी ओढलं. जाळी चार हात आली आणि अडली. पुन्हा ओढलं. हलेना! खाली बुडालेल्या खोडात गुंतली होती. जाळीत अडकलेला लून फार तर दोन-तीन मिनिटं टिकतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

व्हर्ना पहार घेऊन धावली. नवा बर्फ काळा आणि काचेसारखा स्वच्छ असतो. ती ओणवी झाली, बघत बघत पुढे गेली, आणि डबक्याच्या अंगाला तिला बर्फाखाली पांढरी छाती दिसली. पंख फडफडत होते.

"व्हर्ना! तिथे नको! पातळ आहे!"

ती आडवी झाली. पहार मारली. एका घावात पहार आरपार गेली.

म्हणजे मागे फिरायचं. तिने दुसरा घाव घातला. तिसरा घातला. दंडापर्यंत हात आत घातला. जाळी लागली, पिसं लागली, मान हाताला लागली! आणि बर्फ खचला.

पाण्याने तिचा श्वासच हिरावला. ती गळ्यापर्यंत बुडाली, पण एक हात वर होता आणि त्या हातात जाळीसकट लून होता.

"जाळी काप!" ती ओरडली.

आयझाया दोरखंड लुईझाकडे फेकून पोटावर सरपटत पुढे आला आणि त्याने आपल्या नव्या कोऱ्या जाळीवर चाकू चालवला. सर्र! मग नवराबायकोने दोरखंड ओढला. बर्फ मोडत गेला, ते ओढत राहिले. शेवटी ती कडक बर्फावर आली.

लुईझाने तिचे ओले कपडे अक्षरशः फाडून काढले, तिला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, शेकोटी पेटवली. व्हर्नाचं लक्ष तिकडे नव्हतं. पक्षी तिच्या मांडीवर निपचित पडला होता. तिने त्याचं डोकं खाली धरलं. चोचीतून पाणी ठिबकलं. तिचे दात वाजत होते, बोटांना काही जाणवत नव्हतं.

"गेला का?" आयझायाने विचारलं.

त्याच क्षणी सुरी चालावी तशी चोच सपकन वर आली आणि व्हर्नाच्या हनुवटीतून रक्ताची धार लागली.

"जिवंत आहे!" ती हसत, रडत ओरडली. "दादा, जिवंत आहे!"

"तीन महिने मासे चारल्याची ही पावती," लुईझा म्हणाली आणि तिने स्वतःचेही डोळे पुसले.

व्हर्नाच्या मनात त्याला हिवाळाभर शेडमध्ये ठेवून मे महिन्यात स्वतःच्या हाताने सोडायचं होतं. पण शहरातल्या पशुवैद्यांनी रेडिओवर सांगितलं, की शेडमधल्या प्रत्येक आठवड्याने त्याची फुप्फुसं खराब होतील. त्याला आता समुद्र हवा. परवा विमान पश्चिम किनाऱ्याला जातंय, पुढचं दहा दिवसांनी.

"दहा दिवसांत त्याचं वजन..." लुईझा म्हणू लागली.

"परवा," व्हर्ना म्हणाली. "आता एक ग्रॅमही थांबायचं नाही."

खोकं विमानात चढलं. कुठल्या तरी अनोळखी माणसाने ते समुद्रात उघडलं. व्हर्नाला एका ओळीचा निरोप आला, 'पोहत गेला.' तेवढ्यावर तिने हिवाळा काढला.

मेच्या अखेरीस बर्फ गेला. आयझायाने वापूसमध्ये उन्हाळ्याची जाळी टाकली. तिसऱ्या दिवशी तो ऐन सकाळी व्हर्नाच्या दारात उभा राहिला. ही त्याची जाळी बघायची वेळ. गमबूट ओलेच होते, आणि बाहेर त्याच्या गाडीत सगळ्या जाळ्यांचा ढीग पडला होता.

"काय रे? इतक्यात काढल्यास?"

"उत्तरेच्या खाडीतल्या सगळ्या. आता पलीकडे टाकीन." तो खुर्चीत बसला. "पाण्यावर पडल्या पडल्या तो आळोखेपिळोखे देत होता. एक पाय वर काढून झटकला. हिरवं कडं आहे."

व्हर्नाचा हात आपोआप हनुवटीवरच्या व्रणाकडे गेला.

"बघतेस काय?" आयझाया म्हणाला. "चहा टाक."