निळ्या उजेडातली बाटली

धुक्यातून मोटारसायकल आली ती थेट मिरचीच्या बांधाशीच थांबली.

"धावड्याची शाळा कुठंय हो?"

"धुकं सरलं की दिसंल," शिवकन्या म्हणाली, आणि ओढणीआड हसली.

"मंग तवर इथंच थांबू?"

तिनं शाळेच्या दिशेनं हात लांब केला. तो मात्र रस्ता सोडून हाताकडेच बघत राहिला…

तो कल्याण. राजूरचा, जालन्याच्या कॉलेजात शिकणारा. गावाच्या तपासणीसाठी शाळेच्या खोलीत त्यानं डब्याएवढी पेटी मांडली. मूत्रपिंड बिघडू लागलं की लघवीत प्रथिन उतरतं. औषधाचा थेंब टाकला की पेटीतल्या निळ्या उजेडात ते चमकतं, दुखणं जाणवायच्या कितीतरी आधी. शिवकन्येचे वडील याच दुखण्यानं गेलेले. म्हणून वंदनावहिनीनं तिला ओढतच आणलं.

पण लघवीची बाटली द्यायची कुणाच्या हातात? सकाळी ज्याला वाट दाखवली, त्याच्याच! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या स्वयंपाकखोलीत हळदीचा डबा होता. चिमूटभर हळद, नळाचं पाणी, रंग अगदी तसाच… बाटली टेबलावर ठेवली आणि ती पळालीच.

दिवस कलता कल्याण शेतात आला. हातात हेल्मेट, चेहरा उतरलेला.

"वहिनी, उद्या यांना जालन्याला दवाखान्यात न्या. बिलकुल थांबू नका. यांची बाटली इतकी चमकली की पेटी आकडाच दाखवंना."

वहिनीच्या हातातली पाटी सुटली. लाल मिरच्या मातीत विखुरल्या. "मामंजी बी असेच गेल्ते…" म्हणत ती मटकन खाली बसली.

शिवकन्येचे कान तापले. गप्प राहावं तर वहिनीचा जीव टांगणीला, बोलावं तर…

"ते माझं नव्हतं," ती जमिनीशी बोलली.

"मंग कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई. हळदीचं पाणी व्हतं."



"मीठ टाकलंस का गं वरून?" वहिनी उसळली. "सटवे, वरण समजलीस व्हय?"

कल्याण हसला नाही. बांधावर टेकला, बाहीनं डोळे पुसले.

"मिरचीचा हात लागला," म्हणाला. मिरचीला तर त्यानं बोटही लावलं नव्हतं.

ते पाहून तिला आणखीच कानकोंडं झालं. "तुमच्यापुढं बाटली धरायची… लाज वाटली."

वहिनीनं डोळे बारीक केले. "पर कल्याणभाऊ, बाटलीवर तर नुसता नंबर व्हता. हिचीच हाये, हे कसं कळलं?"

आता मान खाली घालायची पाळी त्याची.

"नंबर कुणाचा, हे बघायचं नसतं आम्ही. चुकलं माझं… ध्यानात राह्यला."

"समद्यांचे?"

"न्हाई. ह्यांचाच."

वहिनी मिरच्या वेचत पार दुसऱ्या टोकाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिवकन्येनं खरी बाटली स्वतः त्याच्या हातात दिली. चेहरा लाजेनं पेटलेला, पण पळाली नाही. निळा उजेड लागला. दोघं पेटीवर वाकले.

"काहीच चमकंना की."

"तेच तर पाह्यचं होतं," त्यानं सुस्कारा सोडला. मग वायर गुंडाळत बसला, उगाच हळूहळू.

"आता परत कधी तपासायचं?" तिनं विचारलं.

"वर्षानं."

ती दाराशी गेली. उंबऱ्यावर थांबली.

"वर्ष… लई होतं हो," ती म्हणाली. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, तरी या वेळी तिनं मान खाली घातली नाही.