सुनेनं फोडलेलं पिंप

कुऱ्हाडीचा घाव बसला, पिंपाची फळी फुटली आणि आलुबुखाऱ्याची दारू बर्फावर भळाभळा वाहू लागली!

"मेले गं! घर बुडवलं हिनं!" सासू पारास्कीवा ओसरीवरून किंचाळली. नाताळ तोंडावर आलेला. अंगणात नुकतंच कापलेलं डुक्कर होरपळत होतं. तिथलंच जळतं लाकूड उचलून त्रायान धावला आणि त्यानं ते बायकोच्या तोंडावर हाणलं. वेतुरिया कोसळली. ओठ फाटला, दात तुटला...

"मार मला! पण तो थेंब घेऊ नकोस रे..."

दोन वर्षं ती हेच विनवत होती. त्रायानच्या यकृतात काविळीचा चिवट विषाणू ठाण मांडून बसलेला, त्यात साखर वाढलेली, पोट सुटलेलं. "विषाणू गोळ्यांनी दबेल," शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण दारू, चरबी आणि बसून राहणं... यांना गोळी नाही." तेव्हापासून वेतुरिया बिनचरबीचं घेवड्याचं सार रांधी, संध्याकाळी नवऱ्याला गिरणीपर्यंत चालवून आणी. सासू मात्र गावभर सांगे, "रोग हिनंच आणला, आता लेकाला उपाशी मारतेय अवदसा!" एका वाक्यात तिचं तोंड बंद करता आलं असतं... पण ते वाक्य वेतुरियानं कधी ओठांवर येऊ दिलं नाही.

त्रायान धुमसत शेजाऱ्याकडे गेला, नरड्यापर्यंत प्यायला, आणि परतल्यावर आईनं वाढलेल्या डुकराच्या चरबीच्या ताटातच भडाभडा रक्त ओकला. लाल, काळं... थांबेचना! सुजल्या जबड्यानं वेतुरियानंच त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचला. आजी, तुमचीही यंदाची तपासणी उरकून टाकू."

"माझी? साखरेची ना?"

"साखरेची कसली? ह्याच विषाणूची! तुमच्या अंगात तो झोपलाय. जन्मताच तुमच्याकडून ह्याला गेला. दोन वर्षांपूर्वीच तुमच्या तपासणीचा निकाल मी सूनबाईंना सांगितला होता, त्या बोलल्या नाहीत?"

 पारास्कीवानं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला सुरुवात केली, सटासट, नाकातून रक्त येईतो! वेतुरियानं ते हात घट्ट धरले.

"का नाही बोललीस, पोरी? माझ्या शिव्या खाल्ल्यास, मार खाल्लास..."

"पोटच्या पोराला आपणच रोग दिला, हे ऐकून तुम्ही जगला नसतात, आई. आणि यात तुमचा काय दोष? तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं!"

म्हातारी तिच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली.

आत त्रायाननं डोळे उघडले. बायकोच्या फाटक्या ओठावर नजर गेली आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "वेतुरिया... मला मरू द्यायचं होतंस."

"तो मार मी विसरणार नाही, त्रायान," ती शांतपणे म्हणाली. "पुन्हा हात उचललास, तर त्याच दिवशी मी घर सोडेन. आई माझ्याबरोबर येतील."

"येईन!" दारातून पारास्कीवा म्हणाली. "लेकीबरोबर येईन."