मागे वळलेली दाफ्नी

वाऱ्यानं उडालेली टोपी माझी नव्हती, गिऱ्हाइकाची होती. म्हणून तर सेन नदीच्या काठानं मी तिच्यामागे जिवाच्या आकांतानं धावत होते... केस सुटलेले, एक बूट चिखलात रुतून मागेच राहिलेला.

"थांबा!" कुणीतरी ओरडलं. "नाही, नाही — थांबू नका! अश्शाच पळा पुन्हा एकदा!"

चित्रशाळेच्या दारात रंगानं माखलेला एक तरुण ती टोपी धरून उभा होता.

"टोपी द्या आधी."

"पळालात तर देतो."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"अजून नाही... पण लक्षणं दिसतायत."

त्याचं नाव बास्त्याँ. 'रोम पारितोषिक' नावाच्या चित्रकलेच्या स्पर्धेत उतरलेला. विषय मिळाला होता अपोलो आणि दाफ्नीचा. देव मागे लागतो, ती पळते, आणि त्याच्या हाती लागणार तोच तिचं लॉरेलचं झाड होतं. पहिल्या दिवशी काढलेलं कच्चं चित्र परीक्षकांनी कुलपात ठेवलं होतं. मोठं चित्र त्याबरहुकूमच हवं. नुसती मान वेगळी वळली तरी बाद. कच्च्या चित्रातली दाफ्नी पुढे बघत पळत होती, आणि तसं पळणारी मुलगी त्याला अख्ख्या पॅरिसात मीच सापडले होते.

मग मी काम करायचे ते टोप्यांचं दुकान बंद झालं, की मी चित्रशाळेतल्या त्याच्या खोलीत चादर गुंडाळून एका पायावर उभी राहायचे.

"सोलांज, घाबर ना जरा! देव मागे लागलाय."

"देव असा दिसतो? नाकाला हिरवा रंग लागलेला?"

तो नाक पुसायचा, तर रंग गालावर जायचा. मला तो आवडायला लागला... फार आवडायला लागला.

आणि एकदा त्याच्या मित्रानं सहज सांगितलं, की जिंकणारा काही वर्षांसाठी रोमला जातो, आणि तिथे असेपर्यंत त्याला लग्न करता येत नाही.

त्या दिवसापासून मी निमूटपणे भिंतीकडे बघत उभी राहिले. त्याचं स्वप्न माझ्यापायी मोडायला नको होतं. तो रंग कालवायला वाकला, की तेवढ्यापुरतं त्याला चोरून बघून घ्यायचे.

निकालाच्या दिवशी चित्रशाळेत गेले, तर त्याचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. बाद! मी ते फिरवलं. दाफ्नी पळत होती, बोटांना पानंही फुटली होती. पण मान वळवून ती अपोलोकडे बघत होती... अगदी डोळे भरून.

"हे काय केलंस? मी तर भिंतीकडेच बघत होते!"

"आणि मी वाकलो की?" बास्त्याँ मागून म्हणाला. "चित्र उलटं दिसलं की चुका कळतात, म्हणून शेजारी आरसा ठेवतो मी. त्यात सगळं दिसायचं."

"म्हणून तसं रंगवायचं?"

"शेवटचा हात फिरवताना तो पुढे बघणारा चेहरा खोटा वाटायला लागला. पुसला, आणि हा काढला. नियम ठाऊक होता, सोलांज."

"आणि रोम?"

"रोम कुठे पळून जातंय?" तो लालबुंद झाला. "तू... तू पळशील का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"पळू कशी?" त्याच्या नाकावरचा हिरवा रंग पुसत मी म्हटलं. "माझ्या पायांना केव्हाचीच मुळं फुटलीत."