दुपट्यातलं पिस्तूल

सोमवारी संग्रहालय लोकांना बंद असतं. आम्हा झाडणाऱ्या-पुसणाऱ्यांना मात्र तोच खरा कामाचा दिवस. काचा पुसायच्या, फरशी धुवायची, कपाटं आतून झाडायची. त्या सोमवारी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि ह्यांची सकाळची पाळी, म्हणून छकुलीला कडेवर घेऊनच मी कामावर गेले.

छकुली माझी लेक, दीड वर्षाची. महिन्यापूर्वी तिच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. तेव्हापासून ती नुसती शिंकली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघायचे. हे हसायचे. म्हणायचे, "अगं, तू अशी बघत बसलीस तर ती श्वास घ्यायला लाजेल."

सकाळचे अकरा असतील. दालनांच्या खिडक्या बंद, त्यामुळे आत पिवळट उजेड. फिनेलचा वास, आणि त्याच्या खाली बंदुकीच्या तेलाचा. तो वास आला म्हणजे तेलकाका बसले. हत्यारांच्या दालनाची सगळी जबाबदारी त्यांची. महिन्यातून एकदा प्रत्येक हत्याराला तेल द्यायचं, म्हणून त्यांचं नावच तेलकाका पडलं होतं. स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून सगळं तेल बंदुकांना जातं, असं ते स्वतःच सांगायचे.

टेबलावर त्यांनी ते पिस्तूल काढलं होतं. ज्याने आमच्या सगळ्यात मोठ्या पुढाऱ्याचा खून झाला, ते. चौकात ज्यांचा पुतळा आहे ना, तेच पुढारी.

"एवढंसं?" मी म्हटलं. काचेतून रोज बघायचे, पण बाहेर आलेलं पहिल्यांदाच बघत होते. तळहातात मावेल एवढंच. एकावर एक दोन नळ्या.

"बाईमाणसाच्या पर्समध्ये राहावं म्हणून केलेलं आहे ते. एका गिरणीमालकाने बायकोसाठी घेतलं. तिने भीतीने शिवणाच्या डब्यात दडवलं. तिथून ते शिंप्याकडे गेलं, शिंप्याकडून एका कंपाउंडरकडे. आणि कंपाउंडरने सभेत पुढाऱ्याला घातली गोळी. तीस वर्षं शिवणाच्या डब्यात, आणि एका दुपारी इतिहासात!"

"एकच गोळी?"

"पाटीवर एकच लिहिलीय." त्यांनी नळीत चिंधी सारली. "माझे साहेब सांगायचे, पोलिसांकडून आलं तेव्हा दोन्ही नळ्या काळ्या होत्या."

"मग दुसरी कुठं गेली?"

"कागदात नाही," ते म्हणाले, आणि चिंधी दुसऱ्या नळीत सारली.

एवढ्यात पलीकडच्या खोलीत धप्प झालं. छकुलीने बादली अंगावर ओढून घेतली होती. फिनेलचं गार पाणी, पोर डोक्यापासून पायापर्यंत चिंब, ओठ निळे. माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्याची ती खाट आली. पिशवीत तिचे जादा कपडे नव्हते. माझा पदरही भिजलेला. मी भराभरा कपाटं उघडली. खालच्या खणात एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घडी करून ठेवलेलं. त्यावर चिठ्ठी होती: 'कापडाचा तुकडा, पिस्तुलासोबत आलेला.'

तुकडा कसला! कुठल्याही आईने हात लावला असता तर ओळखलं असतं. चौकोनी, एका कोपऱ्याला टोपीसारखी शिवण, कडेला बांधायला नाडी. ते दुपटं होतं. साहेब लोकांनी इतकी वर्षं तुकडा म्हणून नोंदलं होतं. मधोमध बोट जाईल एवढं भोक होतं, कडा करपलेली. उंदीर लागला असेल, म्हणून मी सोडून दिलं. पोरीला कोरडी केली, दुपट्यात घट्ट गुंडाळली, नाडी बांधली. ती एकदम गप्प झाली. इतकी गप्प, की मी नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

तिला उराशी धरून मी हत्यारांच्या दालनात परत आले. काकांचं तेल देऊन झालं होतं. शेवटी ते घोडा ओढून, भिंतीकडे तोंड करून चाप दाबून बघतात, आतली स्प्रिंग ठीक आहे की नाही ते. घोडा त्यांनी ओढलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ते... ते कुठून काढलंस?"

"खणातून. पोर गारठली हो काका. दुपटंच आहे की हे..."

"सोड ते. आधी सोड."

मी नाडीला हात घातला. मीच बांधलेली साधी गाठ, पण सुटेना.

काका बोलत होते, आवाज जेमतेम फुटत होता. "साहेबांनीच सांगितलेलं... कंपाउंडर स्वतःचं पोर घेऊन गेला होता. तान्हं. दुपट्यात पिस्तूल लपवून. पुढाऱ्याला लहान मुलं उचलून फोटो काढायची हौस... त्याने हात पुढे केले. ह्याने पोर दिलं, पिस्तूल ठेवून घेतलं... आणि पुढाऱ्याने ते बघितल्याबरोबर..."

"काय केलं?"

"पोर पुढे धरलं. छातीपुढे. पहिली गोळी तिथं गेली. दुसरी त्याला. पुतळा उभा करायचा होता, म्हणून पोर कागदातून काढलं... पोरी, बाजूला हो."

"काय?"

"बाजूला हो! हात... माझा हात ऐकत नाही गं..."

त्यांचा पिस्तूल धरलेला हात भिंतीकडून निघाला होता. सावकाश. डाव्या हाताने ते उजवं मनगट खाली दाबत होते, दंडाच्या शिरा फुगलेल्या, तरी तो हात वळत होता. त्या दोन नळ्या माझ्याकडे आल्या. मला पळता आलं असतं. दार मागेच होतं. मी पळाले नाही.

खट्.

रिकामा आवाज. नळीत काही नव्हतंच. मी डोळे उघडले तेव्हा छकुली माझ्या कुशीत नव्हती. माझे दोन्ही हात पुढे ताठ झाले होते आणि हातांच्या टोकाला ती लोंबकळत होती. माझ्या आणि पिस्तुलाच्या मध्ये. दुपट्यातलं ते भोक बरोबर तिच्या छातीवर. ती रडत नव्हती, मान वळवून माझ्याकडे बघत होती.

हात गळाले. ती घसरून पायाशी पडली. काकांच्या अंगठ्याने घोडा पुन्हा ओढला. आता मी एकटीच समोर.

खट्.

मग हात सुटला असावा, कारण काकांनी पिस्तूल टेबलावर फेकलं आणि खाली बसले. मी वाकून गाठ धरली, तर नाडी नुसत्या बोटानेच सुटली.

काकांनी टक्कल पुसलं. "रिकामं होतं ना? झालं तर मग."

"हो."

"तू तिला पुढे धरलंस."

"नाही. मी नाही... त्या कापडाने..."

"असेल. पुढाऱ्याने धरलं तेव्हाही कापडानेच धरायला लावलं म्हणावं का?" ते हसले, वाईट हसले. "घाबरू नकोस. त्यांचा पुतळा झाला. तुला कोण काय बोलणार?"

त्यानंतर मी त्या कामावर गेले नाही. घरी सांगितलं, फिनेलने हात सोलवटतात. छकुलीला काही झालं नाही. खाते, पिते, खोकलासुद्धा नाही. फक्त माझ्याकडे कडेवर येत नाही. मी हात पुढे केले की थांबते, हातांकडे बघते आणि आजीकडे जाते. मी म्हणते, जाऊ दे, लहान आहे, विसरेल.

पण काल दुपारी मी भाकरी थापत होते. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन थोपटत दारात आल्या. मी सहज वळून बघितलं. थोपटता थोपटता सासूबाईंनी तिला खांद्यावरून खाली घेतलं, हळूहळू छातीपुढे आणलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं. आपण काय करतोय हे त्यांना कळत नसावं. परवा ह्यांनीही तिला असंच धरलं होतं, मी समोर आल्यावर.

"अशी काय उभी आहेस गं?" सासूबाईंचा आवाज कापरा झाला होता. "काय आहे तुझ्या हातात?"

मी उजवा हात पुढे करून पंजा उघडला. पिठाशिवाय काही नव्हतं.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. छकुलीने मात्र डोळे घट्ट मिटले, आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.