दाणा हरवलेली शिट्टी

मुकादमीण कामावर निघाली तीच नवऱ्याशी डब्यावरून भांडत, इतका तो दिवस साधा होता. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जंगलाच्या कडेचं वाळलेलं गवत आधीच ठरवून जाळायचं, हे तिच्या टोळीचं दरवर्षीचं काम. नवराही त्याच टोळीत. तिच्या आधी मुकादम होते तिचे बाबा; ते गेल्या वर्षी वारले. त्यांची शिट्टी ती गळ्यात, सदऱ्याच्या आत ठेवायची. वाजवायची मात्र स्वतःची नवी, कारण बाबांच्या शिट्टीतला दाणा कधीच हरवला होता. म्हाताऱ्याला धाप लागावी तशी ती फुसफुसायची, आणि टोळी त्यावरून बाबांची यथेच्छ टर उडवायची. पण माणसं धुरात पांगली, की बाबा जळून विझलेल्या काळ्या जमिनीवर उभे राहायचे आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तीच फुंकत राहायचे.

दुपारी वारा फिरला. आग आखलेली रेषा ओलांडून रानात घुसली आणि धूर असा दाटला की तिला स्वतःचा हात दिसेना. नवरा पार पलीकडच्या टोकाला होता. तिने त्याला हाक मारली, तर घशात राखच गेली. नवी शिट्टी धावताना कुठेतरी पडली होती.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. फुस्स... फुस्स...

"बाबा...?" ती पुटपुटली आणि आवाजाच्या रोखाने चालत राहिली.

पायाखाली काळी राख लागली. मागोमाग एकेक जण धुरातून बाहेर आला. सगळ्यांत शेवटी नवरा, भुवया जळालेला. ती चारचौघांत त्याला बिलगली.

संध्याकाळी वणव्यामागे बंब गेले आणि टोळी ओंडक्यावर चहा पीत बसली. इतकं सुखाचं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"बाबांची शिट्टी वाजवलीस म्हणून पोचलो," नवरा म्हणाला. "आता तिची चेष्टा करणार नाही, बाई."

तिने शिट्टी सदऱ्यातून काढली. तिने ती ओठांना लावलीही नव्हती, तरी शिट्टीचं तोंड ओलं होतं.

फुस्स... रानातून आवाज आला.

"पुरे की आता," नवरा डोळे मिटूनच म्हणाला. "सगळे आलोत..."

शिट्टी तिच्या मांडीवर होती. तिने पुन्हा एकेक चेहरा पाहिला. कुणीच कमी नव्हतं. तिकडे फुसफुस चालूच होती.

तिला भीती वाटली. तरी ती जरा सरकून बसली आणि एक पेला भरून शेजारी ठेवला.

थोड्या वेळाने शिट्टी थांबली.