जर्मेनियमची डबी

प्रयोगशाळेत प्रतिलोमक नावाच्या यंत्रासमोरच्या टेबलावर तीन डब्या मांडल्या होत्या. एक निळी, एक हिरवी आणि एक बिनरंगाची, नुसत्या पत्र्याची. तिन्ही दिवाकर लांजेवारांनी आपल्या हातानं बनवलेल्या. नागपुरात महाल भागातल्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे रेडिओ बोलते केले. पुढे लोकांनी रेडिओच टाकून दिले, तेव्हा उरलेल्या सुट्या भागांतून त्यांनी मुलासाठी, प्रणयसाठी, गिटारची ही फझ पेडलं बनवली. फझ म्हणजे काय हे पटायला त्यांना वर्ष गेलं. गिटारचा स्वच्छ सूर घ्यायचा, तो इतका फुगवायचा की त्याची शेंडी छाटली जाईल, आणि मग जे खरखरीत काही उरेल त्याला संगीत म्हणायचं. "जन्मभर बिघडलेलं नीट केलं, आता नीट असलेलं बिघडवून देऊन राहिलो तुले," असं ते म्हणत. त्यावर प्रणय म्हणे, "हो बाबा, पण नीट बिघडवा."

प्रणय जाऊन अकरा महिने झाले होते. वर्धा रोडवर, भर दुपारी, मोटरसायकलच्या अपघातात.

"ध्वनिमुद्रणात यातली कोणती वाजली ते आधी ठरवू," डॉ. सुकेशिनी मेश्राम म्हणाली. ती इथली वाणीतज्ज्ञ. या प्रयोगशाळेत एरवी कोर्टातल्या खटल्यांची ध्वनिमुद्रणं येत. पण सुकेशिनीच्या वडिलांचा रेडिओ लांजेवारांच्या दुकानात तीनदा दुरुस्त झाला होता, म्हणून प्रणयच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाचं हे काम तिनं अंगावर घेतलं होतं.

"ठरवायचं काय त्यात? पत्र्याची," दिवाकर म्हणाले.

इलेक्ट्रॉनिक्सचे हटवार यंत्राला वायरी जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तसं चालत नाही काका. नात्यातल्या माणसाच्या साक्षीवर आम्ही डबी निवडत नाही. माणसाला हवं तेच आठवतं. तुम्हालाच नाही, मलासुद्धा."

 पण डबी कशी निवडली गेली होती ते दिवाकरांना चांगलं आठवत होतं. प्रणय तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दुकानाच्या काउंटरवर बसून त्यानं आळीपाळीनं तिन्ही डब्या वाजवून पाहिल्या होत्या. निळी-हिरवीत सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर होते आणि पत्र्याच्या डबीत जर्मेनियमचे, एका जुनाट रेडिओतून काढलेले. दिवाकरांनी बजावलं होतं की नागपुरात राहायचं तर सिलिकॉन घे, जर्मेनियमला ऊन सोसत नाही. मे महिन्यात भर दुपारी लोक मुके झालेले रेडिओ घेऊन येत आणि संध्याकाळी ते आपोआप बोलू लागत, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. "सिलिकॉन ओरडते, बाबा," प्रणय म्हणाला होता. "हे बोलते." बापाची अक्कल बाजूला राहिली आणि पोराचा कान जिंकला. मग दर उन्हाळ्यात वाजवण्याआधी डबीचा मुक्काम फ्रिजमध्ये, बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या, मेथीच्या जुडीशेजारी. ती युक्ती मात्र बापाची होती.

हटवारांनी एकेक डबी यंत्राला जोडली. प्रतिलोमक हे कपाटाएवढं यंत्र होतं. ते डबीतून लाखभर वेगवेगळे आवाज सोडी, प्रत्येकाचं काय होतं ते शिकून घेई, आणि मग उलट्या अंगानं प्रश्न विचारी: या डबीतून असा आवाज बाहेर आला असेल, तर आत काय गेलं असेल? जर्मेनियमचा प्रत्येक तुकडा निराळा असतो, त्यामुळे खरी डबी हातात असल्याशिवाय हे गणित सुटत नाही.

वीस मिनिटांनी पडद्यावर निकाल आला. पत्र्याची.

"तेच तं म्हणून राहिलो होतो," दिवाकर पुटपुटले.

सुकेशिनीनं त्या शेवटच्या दुपारी प्रणयनं वाजवता वाजवता केलेलं मूळ ध्वनिमुद्रण लावलं. चार मिनिटं प्रणयची गिटार वाजली. मग एक धप्प आवाज, मग सेकंदभर खरखर, मग वायर उपटल्याचा फट्ट आवाज. गिटारच्या तारांचा सूर टिपणारं पिकअप जुनं झालं की त्यातली वेटोळी सैल होतात आणि तारांबरोबर जवळचं बोलणंही त्यात थोडं उतरतं. गिटार मांडीवरून खाली ठेवताना प्रणय तिच्यावर वाकून काहीतरी हळूच बोलला होता. दिवाकर तेव्हा खाली मोरीत बादली भरत होते. नळाच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नाही. पोरगा जिना उतरून त्यांच्या पाठीमागून गेला आणि फाटक वाजलं, एवढंच त्यांना कळलं.

खरखरीतून उघड्या कानांनाही दोन तुकडे कळत होते. आधी 'बाबा', आणि शेवटी 'तो'. मधलं एक अक्षर गेलेलं होतं.

"पंधरा क्रियापदं तपासली," सुकेशिनी म्हणाली. "लांबी आणि शेवटची ओढ यांवरून तेरा गळाली. दोन उरली आहेत."

ती दोन कोणती हे तिनं सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांचा असताना प्रणय फाटकातून "जातो" म्हणून ओरडायचा आणि कुंदा त्याला कॉलर धरून मागे आणायची. जातो म्हणू नाही, येतो म्हणावं. मग तो हसत तीनदा येतो म्हणायचा. मोठेपणी तो हे विसरला नव्हता. रागावला की आईकडे बघून मुद्दाम, सावकाश म्हणायचा, जातो. त्या दिवशी कुंदा घरी नव्हती आणि भांडण आईशी नव्हतंच. मेट्रोतली नोकरी सोडून तो बँडबरोबर शिलाँगला जायचं म्हणत होता, आणि दिवाकर म्हणाले होते, "जाशील तं परत नोको येऊ." त्यानंतर तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. चौथ्या दिवशी तो हे दोन शब्द बोलला आणि तासाभरात सगळं संपलं. अकरा महिने दिवाकरांना दुसरं काही सुचलं नव्हतं. पोरगं माफ करून गेलं की शब्दाला शब्द फेकून गेलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"आता नीट ऐका," हटवार खुर्ची ओढून समोर बसले. "या डबीला एक उंबरठा आहे. त्याहून बारीक आवाज ती आत घेतच नाही, बाहेर नुसती शांतता येते. डबी तापली की उंबरठा चढतो. गार असली की जवळजवळ जमिनीला टेकतो."

दिवाकरांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना हटवारांच्या जन्माआधीपासून माहीत होती.

"'बाबा' आणि 'तो' यांच्या मध्ये एक बारीक शांतता आहे," सुकेशिनी म्हणाली. "सेकंदाचा दहावा हिस्साही नाही. ती कोणाची, एवढाच प्रश्न आहे. 'ये' म्हणताना जीभ कुठं टेकत नाही, आवाज हळूच सुरू होतो. डबी तापलेली असेल तर तो हळू आवाज उंबरठ्याबाहेर राहिला, आणि शांतता डबीची. पण 'जा' म्हणताना जीभ वर टेकते आणि वारा क्षणभर अडतो. म्हणून बघा."

दिवाकरांनी तोंडातल्या तोंडात दोन्ही शब्द म्हणून पाहिले. जीभ खरंच टेकत होती.

"डबी गार असेल, तर ती शांतता माणसाची, म्हणजे 'जा'," ती म्हणाली.

"पुढच्या स्वरावरून नाही कळत?"

"फझमध्ये स्वर सगळे सारखेच चिरडले जातात. आणि हे पिकअप बोलणं ऐकायला बनलेलं नाही, काका."

"एखादा तरी सूर त्यानं विरेपर्यंत वाजू द्यायला हवा होता," हटवार म्हणाले. "तो कुठं तुटतो यावरून उंबरठा लगेच मोजता आला असता. पण चार मिनिटांत प्रत्येक सूर त्यानं तळहातानं दाबून मारला आहे. अशी सवय का लावून घेतली कोण जाणे."

का, ते दिवाकरांना माहीत होतं. ती भुणभुण बंद कर, म्हणून खालून तेच ओरडायचे.

"मग डबीचं तापमान कसं काढलं?" त्यांनी विचारलं. 

"त्या दुपारी बाहेर चव्वेचाळीस होतं. कूलर चालू असता तर मोटरची गुणगुण पिकअपमध्ये उतरली असती. ती नाही. म्हणजे कूलर बंद, वरची खोली, तापलेला स्लॅब. डबी चाळीसच्या खाली असणं शक्यच नाही." हटवारांनी कळ दाबली.

आणि खरखर गेली. अकरा महिन्यांनी प्रणय त्या खोलीत बोलला, थोडा दमलेला, अगदी जवळून. "बाबा, येतो."

दिवाकरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. सुकेशिनीनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं, कारण तिचेही डोळे भरले होते. हे सुख त्यांना किती पुरलं म्हणाल, तर ग्लास हातात घेईपर्यंत. पाणी गार होतं. काचेला बाहेरून दव आलं होतं.

"नियम आहे म्हणून दुसरंही ऐकवतो," हटवार म्हणाले. "डबी वीस अंशांच्या खाली असती तर." प्रणय पुन्हा बोलला, त्याच दमलेल्या आवाजात. "बाबा, जातो."

"मे महिन्यात नागपुरात वीस अंशांची डबी आणायची कुठून?" हटवार हसले. "नुसतं नोंदीपुरतं आहे हे."

दिवाकर हसले नाहीत. तीन दिवसांच्या अबोल्यानंतर चौथ्या सकाळी त्यांनीच डबी फ्रिजमध्ये ठेवली होती, थेट बर्फाच्या कप्प्यात. चुकलो म्हणायला तोंड उघडेना, म्हणून हे. दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळून ती वर नेली आणि प्रणयच्या पायाशी ठेवली. त्यानं वर पाहिलं नाही. फक्त पायानं डबी जवळ ओढली. दिवाकर तेवढ्यावर खूश होऊन खाली आले आणि बादली भरायला बसले. पाच मिनिटांत वाजवणं थांबलं.

त्यांनी मनातल्या मनात वकिली करून पाहिली. चव्वेचाळीस अंशांत पत्रा तापायला किती वेळ लागतो? पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. फाटक वाजल्यावर ते वर गेले होते. डबी त्यांनी उचलली होती. ती अजून इतकी गार होती की बोटांना चटका बसला, आणि आतला जर्मेनियम पत्र्याहून सावकाश तापतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? संध्याकाळी पोरगा परत वाजवेल म्हणून त्यांनी ती पुन्हा बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती.

सुकेशिनीनं अहवालाचा कागद पुढे सरकवला. खाली एक ओळ होती. वर नोंदवलेल्या परिस्थितीत न आलेली काही माहिती आपल्याकडे आहे काय? हो किंवा नाही.

"नात्यातल्या माणसाचं ऐकत नाही म्हणाले होते ना हटवार?" दिवाकरांनी विचारलं.

"डबी निवडायला नाही ऐकत. पण शेवटी एकदा विचारावं लागतं," सुकेशिनी म्हणाली.

दिवाकरांनी पेन उचललं. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला खोटा बिघाड सांगितला नव्हता. घरी कुंदा दारात खुर्ची टाकून बसली असणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी 'नाही' वर खूण केली आणि सही केली. हटवारांनी तिन्ही डब्या पिशवीत घालून दिल्या.

कुंदा खरंच दारात होती. ती उठून उभी राहिली. नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"येतो म्हणला," दिवाकर म्हणाले.

ती खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, पण हे रडणं अकरा महिन्यांतल्या रडण्यासारखं नव्हतं. घरात इतक्या दिवसांनी कोणीतरी मोकळा श्वास घेतला. दिवाकर चप्पल न काढता तिथंच उभे राहिले.

"मले वाटलंच होतं," डोळे पुसत ती म्हणाली. "तुम्ही उगाच जिवाले लावून घेतलं. रागात नाही गेला तो. त्या दिवशी सकाळी मी भावाकडे निघाली, तं पाण्यासाठी फ्रिज उघडला. डबी दिसली मले बर्फात. म्हटलं, बापानं हात पुढं केला. आता पोरगं ऐकते."

दिवाकर चप्पल काढायला वाकले.

"तुम्ही डबी गार करून दिली न जी त्याले," कुंदा म्हणाली. "म्हणून तं येतो म्हणला."

तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पत्र्याची डबी बाहेर काढून तिनं पदरानं पुसली आणि फ्रिजचं दार उघडलं.

"होती तिथंच ठेवू न?" तिनं विचारलं.

"ठेव," दिवाकर म्हणाले.